पानावरचा पंक्तिप्रपंच

वेबसाइटवरच्या लेखांबद्दल आपण भरपूर बोलतो. मथळा भडक होता, कथा छान जमली होती, चित्र भलतंच लावलं होतं. पण मेन्यूमधल्या ‘साहित्य’, ‘क्रीडा’ किंवा ‘महाराष्ट्र’ या शब्दावर बोट टेकवलं की जे पान उघडतं, त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. ते पान म्हणजे लेखाकडे जायची वाट, एवढंच आपण धरून चालतो. त्यावर लेखकाचं नाव नसतं आणि ते कोणी रचलं हेही कुठे लिहिलेलं नसतं. त्यामुळे ते आपोआप उगवलं असावं असं वाटतं.

ते आपोआप उगवत नाही. कुणीतरी ठरवलेलं असतं की सगळ्यात वर एक मोठं चित्र येईल, त्याखाली चार छोटे मथळे, मग ‘सर्वाधिक वाचलेलं’, मग व्हिडिओ आणि त्यानंतर कधीतरी कविता. या प्रत्येक चौकटीला साइट चालवणारे मॉड्यूल म्हणतात. ज्या सॉफ्टवेअरमधून ही मॉड्यूल्स वरखाली सरकवली जातात त्याला सीएमएस म्हणतात. विभागाचं पान हा या चौकटींनी लिहिलेला मजकूर आहे. काय महत्त्वाचं, काय दुय्यम, कशाशेजारी काय, हे सगळं तो सांगतो, फक्त वाक्यांत सांगत नाही. म्हणून लेखाची करतो तशी त्याचीही समीक्षा करायला हवी.

मराठीत ‘पान’ हा शब्द पुस्तकालाही चालतो आणि पंगतीलाही. जेवणाच्या पानावर चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे, मीठ वर. या जागा ठरलेल्या असतात, म्हणून गप्पा मारता मारताही हात बरोबर चटणीकडे जातो. ठरलेली जागा ही जेवणाऱ्याची सोय आहे. पण त्याच पंगतीत एकाच्या भातावर तुपाची धार आणि शेजारच्याच्या भातावर थेंब पडला, तर त्याला आपण पंक्तिप्रपंच म्हणतो. विभागपानावर या दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू असतात. ठरलेल्या चौकटींमुळे वाचकाची सोय होते, आणि त्याच चौकटींच्या आडून वाढण्यात डावं-उजवंही होतं. समीक्षेचं काम म्हणजे यातलं कुठलं काय ते वेगळं करणं.

पान लावणारा हात

छापील वर्तमानपत्रात या कामाला ‘पान लावणं’ म्हणतात. लीड कुठली, सेकंड लीड कुठली, कोणती बातमी सिंगल कॉलममध्ये जाईल, कशाला चौकट मिळेल, हे रात्री एक माणूस ठरवतो. त्याला जागेची मर्यादा असते आणि वेळेचीही. पान एकदा छापायला गेलं की निर्णय बदलत नाही. सकाळी तो निर्णय सगळ्यांच्या हातात पडतो आणि चुकला असेल तर त्याचा जाब कोणाला विचारायचा हे कार्यालयात माहीत असतं.

मांडणीतून धोरण कसं दिसतं याचं उदाहरण मराठी पत्रकारितेच्या पहिल्याच पानावर आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केलं. त्यात एक स्तंभ मराठीत आणि शेजारचा इंग्रजीत असे. दोन भाषांचे दोन वाचक, पण पानावर दोघांची उंची एक. ‘आम्ही दोघांशी बोलतो आहोत’ हे वेगळं लिहायची गरजच नव्हती, कारण स्तंभांची रचनाच ते सांगत होती.

वर्तमानपत्राच्या पानावर खालची जागाही कमी मानाची नसे. पहिल्या पानाच्या तळाशी आडवी जाणारी बातमी, जिला आपल्याकडे ‘अँकर’ म्हणतात, ती बहुधा सगळ्यात निवांत वाचण्यासारखी असते. सपाट कागदाला वर, खाली, डावं, उजवं अशा चार दिशा असतात आणि चारही दिशांना अर्थ देता येतो. फोनवर यातलं काय उरतं, याकडे पुढे येऊ. आधी सीएमएसच्या स्वभावाकडे.

तीन सॉफ्टवेअर, तीन स्वभाव

सॉफ्टवेअर तटस्थ असतं असं मानायची आपल्याला सवय आहे. पण प्रत्येक सीएमएस एका विशिष्ट पद्धतीने विचार करायला लावतं.

वर्डप्रेस २७ मे २००३ रोजी ब्लॉग लिहिण्यासाठी आलं, आणि जन्माचा हा संस्कार त्यातून अजून गेलेला नाही. त्याचा मूळ नियम एकच: नवं ते वर. काही बदल केला नाही तर एका पानावर दहा लेख, ताजा सगळ्यात वर, अकरावा दुसऱ्या पानावर. एखादा लेख वर चिकटवून ठेवायची सोय २००८ साली आली. पण ती ब्लॉगच्या मुख्य यादीपुरती चालते. एखाद्या विभागाच्या पानावर तोच चिकटवलेला लेख तारखेप्रमाणे मुकाट खाली जातो. वेगळा कोड लिहिल्याशिवाय किंवा दुसरी रचना केल्याशिवाय विभागाला स्वतःचं मत असू शकत नाही. मराठीतली कितीतरी छोटी नियतकालिकं आणि ब्लॉग वर्डप्रेसवर चालतात. त्यांच्या ‘कथा’ विभागात सगळ्यात वर सर्वांत चांगली कथा नसते, सर्वांत नवी असते. हा संपादकाचा निर्णय नाही, निर्णय न घेतल्याचा परिणाम आहे.

ड्रुपलमध्ये प्रत्येक चौकटीला ‘वजन’ असतं. इथे वजनदार माणसाला वरची खुर्ची मिळत नाही. जड वस्तू पाण्यात बुडते तशी जास्त वजनाची चौकट खाली जाते आणि हलकी वर तरंगते. उणे दहा वजनाची चौकट शून्यवालीच्या वर. हा आकडा वाचकाला कधीच दिसत नाही, पण त्याच्या नजरेसमोर पहिल्यांदा काय येणार ते तोच ठरवतो.

जूमलामध्ये तर या चौकटींचं अधिकृत नावच मॉड्यूल, आणि प्रत्येक मॉड्यूल एका ‘पोझिशन’वर बसवायचं. जूमला ३ सोबत येणाऱ्या प्रोटोस्टार साच्यात उजव्या रकान्याचं नाव ‘पोझिशन-७’ होतं. कविता कुठे लावायची? पोझिशन-७. जाहिरात कुठे? तीही पोझिशन-७, कवितेच्या आधी किंवा नंतर. मजकुराचा स्वभाव काय याच्याशी जागेच्या नावाचा काही संबंध नाही.

म्हणजे एक सॉफ्टवेअर तारीख विचारतं, दुसरं वजन, तिसरं जागा. ‘हे का वाचावं?’ हा प्रश्न तिघांपैकी कोणीही विचारत नाही.

चौकट आधी, बातमी नंतर

हा प्रश्न विचारायचा एक गंभीर प्रयत्न ब्रिटनमधल्या ‘द गार्डियन’ने केला. जानेवारी २०१५ मध्ये त्यांनी आपली साइट नव्याने मांडली, आणि मुखपृष्ठ व विभागपानं ‘कंटेनर’ नावाच्या आडव्या पट्ट्यांनी रचली. त्यासाठी केलेल्या ‘फ्रंट्स’ या साधनात एका बाजूला ताज्या लेखांची यादी असते. संपादक त्यातला लेख ओढून हव्या त्या कंटेनरमध्ये टाकतो. तो लगेच वाचकाला दिसत नाही, आधी मसुदा राहतो. ‘लाँच’ केल्यावरच पान बदलतं. लेखाचा मथळाही त्या पानापुरता वेगळा देता येतो.

या रचनेचा कोड सगळ्यांना पाहायला खुला आहे, आणि त्यातली कंटेनरांची नावं वाचण्यासारखी आहेत. काही नावांत ‘स्लो’ आहे, काहींत ‘फास्ट’, आणि पुढे रोमन आकडा, म्हणजे किती कार्डं बसतील ते. मला ही नावं महत्त्वाची वाटतात. बातमीची गती हा मांडणीचा निकष असू शकतो, हे सॉफ्टवेअरच्या शब्दसंग्रहात आलं. घाईघाईने बदलणाऱ्या बातम्यांना दाटीवाटीची पट्टी, निवांत वाचायच्या लेखांना मोकळी. काही कंटेनर याहून लवचीक होते. त्यांत संपादक लेखाला साधा, मोठा, खूप मोठा अशी पायरी देई आणि पट्टी त्याप्रमाणे आकार बदले. पान लावणारा हात इथे पुन्हा दिसतो.

पण याच रचनेत एक अडचण आहे आणि ती सगळ्याच मॉड्यूलवाल्या पानांची आहे. सहा कार्डांची पट्टी घेतली की सहा लेख लागतात. आज चारच चांगले असतील तर? दोन भरतीचे आणावे लागतात. म्हणूनच अशा साधनांत आपोआप भरणीची सोय असते: संपादकाने काही ठेवलं नाही तर यंत्र ताजं काहीतरी आणून रिकामी जागा भरतं. वर्तमानपत्रातही जागा भरायला फिलर असत, पण ते दिसायलाही फिलरच दिसत. कार्डांच्या पट्टीत संपादकाने निवडलेला लेख आणि यंत्राने ओढून आणलेला लेख एकाच मापाचे, एकाच थाटाचे दिसतात. वाचकाला फरक कळायचा काही मार्ग नाही.

साहित्याच्या पानाला हे जास्त लागतं. बातम्या रोज येतात, चांगली कविता रोज येत नाही. ‘कविता’ नावाची चार कार्डांची चौकट एकदा पानावर बसली की दर आठवड्याला तिचं पोट भरावं लागतं, आणि मग कविता चौकटीसाठी शोधल्या जातात. भरती तिथून सुरू होते. चौकट रिकामी असेल तर ती दिसूच नये एवढी साधी सोय पुष्कळ पानांवर नसते.

फोन म्हणजे रांग

आता फोनकडे. हे बहुधा तुम्ही फोनवरच वाचत असाल.

२५ मे २०१० रोजी ईथन मार्कोट यांनी ‘अ लिस्ट अपार्ट’ या वेब-नियतकालिकात ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ हा लेख लिहिला. पडदा लहान असेल तर तेच पान स्वतःला आवळून घेईल, रकाने एकाखाली एक येतील, अशी ही कल्पना. आज जवळजवळ प्रत्येक साइट तशीच चालते. सोय मोठी झाली. पण यात एक अर्थ हरवला आणि त्याबद्दल फारसं बोललं गेलं नाही.

रुंद पडद्यावर उजवा रकाना म्हणजे ‘शेजारी’. फोनवर तोच रकाना होतो ‘नंतर’. संपादकाने मुख्य लेखाच्या बाजूला एक कविता ठेवली, दोन्ही एकत्र दिसाव्यात म्हणून. फोनवर ती कविता डाव्या रकान्यातली पंधरा कार्डं संपल्यावर येते. कवितेची जागा संपादकाने बदललेली नाही, तरी ती बदलली. ‘दर्पण’चं पान आज फोनवर आणायचं म्हटलं तर दोन स्तंभांपैकी एक वर जाणार आणि दुसरा खाली. बाळशास्त्रींनी जी बरोबरी नुसत्या रचनेतून साधली होती, ती या पडद्यावर टिकत नाही. कोणाला आधी वाढायचं हे ठरवावंच लागतं.

म्हणून फोनवर मांडणी म्हणजे फक्त क्रम. चारपैकी तीन दिशा गेल्या, उरली ती एक: वरून खाली. तरीही पान लावणारा माणूस सहसा मोठ्या पडद्यासमोर बसून ते लावतो. त्याला दिसतं ते अंगण, आपल्याला दिसते ती बोळ.

याहून एक सूक्ष्म घोळ आहे. सीएसएसमध्ये ‘ऑर्डर’ नावाचा गुणधर्म आहे. त्याने मूळ कोडमधला क्रम तसाच ठेवून डोळ्यांना वेगळा क्रम दाखवता येतो. पण न दिसणारा वाचक जे स्क्रीन रीडर वापरतो, ते साधारणपणे मूळ क्रमानेच वाचत जातं. म्हणजे एकाच पानावर दोन वाचकांना दोन वेगळी महत्त्वं ऐकवली जातात. अर्थ क्रमावर अवलंबून असेल तर तो योग्य क्रम यंत्रालाही कळला पाहिजे, ही अट वेबच्या सुगम्यतेच्या नियमावलीत २००८ पासून आहे, तीही सगळ्यात प्राथमिक पातळीवर. सीएमएसमध्ये चौकट ओढून वर नेल्यावर नेमका कोणता क्रम बदलला, हे पान लावणाऱ्याला माहीत असतं का?

शिवाय रांग स्थिरही नसते. मथळ्यावर बोट टेकवणार तेवढ्यात वरून जाहिरात उतरते, सगळं खाली ढकललं जातं आणि बोट पडतं भलतीकडे. हे मोजायला गूगलने २०२० मध्ये एक माप पुढे आणलं: किती भाग हलला आणि किती अंतर हलला यांचा गुणाकार. ०.१ पर्यंत असेल तर चांगलं. येणाऱ्या चौकटीसाठी आधीच जागा राखून ठेवली तर ही ढकलाढकली टळते. म्हणजे हा तंत्राचा नाइलाज नाही, हा पाहुण्यांचं पान न मांडता त्यांना जेवायला बोलावण्याचा प्रकार आहे.

कार्डात न मावणारी भाषा

मॉड्यूल बनवणाऱ्याने कार्डाची मापं रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून घेतली असली की मराठीची पंचाईत होते. दोन ओळींतलं अंतर कमी ठेवलं की वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांना टेकतात, कधी कापलेही जातात. मथळ्याला अक्षरांची मर्यादा घातली की आणखी गंमत. ‘मुख्यमंत्री’ हा शब्द आपल्याला चार अक्षरांचा दिसतो: मु, ख्य, मं, त्री. युनिकोडच्या हिशोबाने त्यात अकरा चिन्हं आहेत. साठ चिन्हांवर मथळा कापणारं कार्ड इंग्रजीला जेवढा श्वास देतं तेवढा मराठीला देईलच असं नाही, आणि जोडाक्षराच्या मधोमध कापलं तर पाय मोडलेला ‘ख्’ आणि पुढे तीन टिंबं एवढंच उरतं.

हा फक्त दिसण्याचा प्रश्न नाही. लांब मथळा कापला जाणार हे कळलं की संपादक आखूड लिहायला लागतो. मग ‘हे वाचाच’ किंवा ‘नेमकं काय घडलं?’ असे कुठल्याही कार्डात मावणारे आणि कुठल्याही लेखाला चालणारे मथळे येतात. त्या उथळपणाचा दोष आपण लिहिणाऱ्याला देतो. त्यातला काही वाटा कार्डाच्या मापाचाही आहे.

‘सर्वाधिक वाचलेलं’चं गोल चाक

सगळ्या मॉड्यूल्समध्ये सर्वांत निरागस दिसणारं म्हणजे ‘सर्वाधिक वाचलेलं’. त्यात संपादकाचा हात नाही, ही वाचकांची लोकशाही, असं ते सांगतं. पण वर दिसतं म्हणून वाचलं जातं, आणि वाचलं जातं म्हणून वर दिसतं. आदल्या रात्री ज्याला मोठं कार्ड मिळालं तो लेख सकाळी या यादीत येतो आणि दिवसभर टिकतो. संपादकाचा कालचा निर्णय इथे वाचकाचं मत म्हणून परत येतो.

यावर एक नेहमीचा आक्षेप आहे: हल्ली विभागपान उघडतं कोण? सगळे दुव्यावरून थेट लेखावर येतात. आक्षेपात तथ्य आहे. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चा २०१४ मध्ये फुटलेला अंतर्गत अहवाल सांगत होता की त्यांच्या मुखपृष्ठावर येणारे वाचक दोन वर्षांत जवळपास निम्म्यावर आले. पण यातून पान निरर्थक ठरत नाही. कुणी पाठवलेल्या दुव्यावरून आलेला वाचक एक लेख वाचून जातो. जो स्वतःहून ‘साहित्य’वर बोट टेकवतो, तो ‘तुमच्याकडे आणखी काय आहे?’ असं विचारत असतो. संख्येने तो कमी असेल, पण त्याचा प्रश्न जास्त मोलाचा आहे. त्याला उत्तर म्हणून तारखांची उतरंड हातात देणं हा पाहुण्याला कोठीची किल्ली देऊन स्वतः झोपी जाण्यासारखा प्रकार आहे.

साहित्याला तर हे जास्तच लागू पडतं. तीन वर्षांपूर्वीची बातमी शिळी होते, तीन वर्षांपूर्वीची कथा होत नाही. तारखेने लावलेल्या पानावर मात्र दोघी सारख्याच तळाला जातात.

पान कसं वाचावं

मग विभागपानाची समीक्षा करायची म्हणजे काय करायचं? फोन हातात घेऊन पान वरून खालपर्यंत एखादी कथा वाचावी तसं सलग वाचायचं. वाचताना काही प्रश्न विचारायचे. पहिल्या तीन चौकटींतून या विभागाला स्वतःचं काही मत आहे असं कळतं का? तारखेशी ज्याचा संबंध नाही असं एकतरी कार्ड आहे का? यंत्राने भरलेलं आणि माणसाने निवडलेलं वेगळं ओळखू येतं का? अपघातात गेलेल्या मुलांच्या बातमीला खेटून हसऱ्या चेहऱ्याचं राशिभविष्य येत असेल, तर ते शेजार कोणी पाहिलं होतं का? आणि पान कुठेतरी संपतं का, की थकेपर्यंत सरकतच राहतं?

साइट चालवणाऱ्यांकडून मागायच्या गोष्टीही फार नाहीत. रिकामी चौकट लपवता आली पाहिजे. प्रत्येक विभागात एक जागा अशी हवी जिथे संपादक जुना-नवा कुठलाही लेख ठेवू शकेल आणि तो का ठेवला हे एका वाक्यात सांगेल. पान लाँच करण्याआधी ते फोनच्या मापात पाहिल्याशिवाय बटण दाबता येऊ नये. यातलं काहीही करायला नवं तंत्रज्ञान लागत नाही.

आणि एक ओळ. लेखाखाली लेखकाचं नाव असतं, चित्राखाली चित्रकाराचं. विभागपानाच्या तळाशीही लिहिता येईल: हे पान अमुक व्यक्तीने, अमुक तारखेला लावलं. वाढणाऱ्याचा चेहरा दिसला की तुपाची धार कोणाच्या भातावर जास्त पडली हे त्याला विचारता येतं. आज त्या जागी बहुतेक ठिकाणी ‘आणखी लोड करा’ असं लिहिलेलं असतं.